खर्चीच्या दिवशी गेलेला फोन

१

पिवळ्या पेटीत चार्जर होता, वापराची पुस्तिका होती, यंत्राला धक्का लागू नये म्हणून घातलेला जाड स्पंज होता. ज्याच्यासाठी एवढा थाट, तो फोन मात्र नव्हता.

फोन साधासुधा नव्हता. त्याला टॉवर लागत नाही, तो थेट उपग्रहाशी बोलतो. मुंबईच्या एका नव्या कंपनीनं रीतसर सरकारी परवाना काढून तो वर्षभर वाघदरीपाड्यावर ठेवला होता, कारण मोखाडा तालुक्यात याहून खोल जागा त्यांना सापडली नसावी. तिन्ही बाजूंना डोंगर, मध्ये पाडा, आणि मोबाइलवर रेंजची एकही कांडी नाही. आता वर्ष संपलं होतं. रविवारी दोन गुंतवणूकदारांना फोन लावून दाखवायचा, त्यांनी या धंद्यात पैसा घालायचा की नाही ते ठरवायचं आणि संध्याकाळी चंबूगबाळं आवरून सगळ्यांनी मुंबई गाठायची, असा बेत होता. कंपनीचा इंजिनिअर करण साळवी यानं न्याहारीनंतर मोठ्या ऐटीत पेटी उघडली आणि त्या बेताचे बारा वाजले.

परवान्याचं यंत्र गेलं म्हणजे पोलीस आलेच. मोखाडा ठाण्याची जीप गॅरेजात पडलेली, त्यामुळे फौजदार पुष्पलता वारघडे खबर घेऊन आलेल्या माणसाच्याच गाडीत बसून निघाली. धर्मेंद्र झुगरे त्याचं नाव. वाघदरी ते मोखाडा सवारीची जीप चालवायचा. पाड्यावर फोन आल्यापासून, नुसता फोन करायला मोखाड्याला जाणारी त्याची गिऱ्हाइकं तुटली होती, हे त्यानं पहिल्या वळणावरच सांगून टाकलं.

"म्हंजे पयला संशय माझ्यावरच ना, मॅडम?" त्यानं हसत विचारलं.

"गाडी नीट चालव. संशयाचं मी बघते," पुष्पलता म्हणाली.

संशयितानंच फौजदाराला वाहून न्यावं, असा योग तिच्या नोकरीत पहिल्यांदाच आला होता.

२

खिंडीच्या माथ्यावर धर्मेंद्रनं गाडी थांबवली. तिथं एक जुनं, डेरेदार जांभळाचं झाड होतं आणि त्याच्या खालच्या फांद्यांना पिशव्याच पिशव्या लटकलेल्या होत्या. कापडाच्या, प्लास्टिकच्या, एक तर लहान मुलाच्या टोपीची शिवलेली. खाली सावलीत बायका-माणसं बसली होती. कुणी विड्या वळत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं. झाडाला मोहर आला होता. त्याचे पांढुरके तंतू सगळ्यांच्या डोक्याखांद्यांवर भुरभुरत होते.

"आमचा टेलिफोन एक्स्चेंज," धर्मेंद्र म्हणाला. "रेंज फकस्त इथं येते, या जांभळाखाली. तुमचा मोबाइल द्या, लटकवतो. खाली नेलात तर त्याचा दगड होतो."

"आणि वाजला तर?"

"वाजला तर जो बसलाय तो तुमचं नाव पुकारंल. हाळी खाली पाड्यावर सपष्ट ऐकू येते. दुसऱ्याच्या पिशवीला हात नाय लावायचा, हा इथला कायदा. आज गर्दी हाय, कारण आज रविवार. भट्ट्यांवर खर्ची मिळते आज."

खर्ची म्हणजे काय ते पुष्पलताला सांगायला नको होतं. ती जव्हारकडच्या जामसर गावची. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेल्या माणसांना आठवड्याचा चटणीमिठापुरता पैसा मालक या दिवशी देतो. हातात पैसा आला की माणूस आधी मोबाइलमध्ये भरतो आणि गावाला फोन करतो. म्हणून रविवार हा वाट पाहण्याचा दिवस.

तिनं मोबाइल दिला खरा, पण देताना तिचा हात रेंगाळला. तिची मुलगी हर्षदा नाशिकला वसतिगृहात राहते. दोन दिवसांपूर्वी "तुला माझ्यासाठी वेळ कुठे असतो?" म्हणून तिनं फोन ठेवला होता, तो पुन्हा आला नव्हता. पुष्पलतानं मनाशी ठरवलं होतं, या वेळी हर्षदानंच करायचा. फौजदारबाईंचा करारीपणा ठाण्यात शोभतो; घरात त्याचा फार त्रास होतो, आणि तो तिला आता होत होता.

मोबाइल एका निळ्या पिशवीत गेला आणि फांदीला लागला. जीप उताराला लागेपर्यंत ती मागे वळून बघत राहिली.

३

चोरी झाली ती समाजमंदिरात. एक खोली, एक व्हरांडा, पुढे मोठं मोकळं अंगण. खोलीत लोखंडी कपाट, पेटी त्यातच. त्याच्या दोन किल्ल्या: एक येसू वाघ या राखणदाराकडे, दुसरी करणकडे, आणि ती करणनं सकाळी व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. म्हणजे किल्ली कोणाकडे होती, या प्रश्नाला काही अर्थच उरला नव्हता.

"सकाळी कोण कुठे होतं?" पुष्पलतानं विचारलं.

करण बोलायला लागला तो थांबेचना. तो आणि दोघं गुंतवणूकदार कड्यावर सूर्योदय बघायला गेले होते. त्यातल्या टीना सेठना पायाला फोड आला म्हणून अर्ध्यातून एकट्याच परतल्या. अर्जुन कोठारी कॅमेरा घेऊन पाखरांमागे गेले. धर्मेंद्र बोअरिंगवर गाडी धूत होता. येसू इथंच होता.

"चार्जर का ठेवला असेल चोरानं?" पुष्पलतानं मध्येच विचारलं.

"विसरला असेल."

"फोनच्या शेजारीच होता की."

करणनं डोकं खाजवलं. मग त्यानं खिंडीत चढून मुंबईच्या ऑफिसला केलेल्या फोनची हकीकत सांगितली. गेलेला फोन सकाळी थोडा वेळ नेटवर्कवर आला होता. मग नाहीसा झाला. "पण बंद नाही झाला, मॅडम. बंद केला की यंत्र जाताना निरोप देऊन जातं. तसा निरोप नाही. म्हणजे कुणीतरी तो चालूच ठेवलाय, पण घरात नाहीतर गाडीत दडवलाय. या फोनला उघडं आभाळ लागतं. वर पत्रा सोडा, झाडाचं पानही आड आलेलं चालत नाही."

"मग वर्षभर तो या खोलीत कसा वाजत होता?"

"छपरावर अँटेनाची छत्री होती, तिची तार खोलीतल्या फोनच्या स्टँडला. काल संध्याकाळी मी ती उतरवली. आज अंगणात नुसता फोन दाखवायचा होता."

"हे आभाळाचं इथं कुणाकुणाला माहीत?"

"आम्हा तिघांना. पाड्यावर कुणाला सांगायची वेळच आली नाही. ते आपले आत बसून बोलायचे."

पुष्पलतानं धर्मेंद्रच्या जीपची झडती घेतली. तिला पत्र्याचं छप्पर होतं, हे खरं. पण आत सापडली ती विड्यांची बंडलं आणि कुणाची तरी विसरलेली कोंबडीची टोपली. धर्मेंद्र दात काढून उभा होता.

"मॅडम, माझा धंदा बुडवणारा फोन आज सांच्याला आपला आपणच मुंबईला चालला होता," तो म्हणाला. "जाणाऱ्याला कोण कशाला चोरंल?"

मुद्दा बिनतोड होता. तो नाही, तर मग कोण?

तेवढ्यात करण जवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, एक सांगायचंय. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. इथून होणारे कॉल फार कमी होते. कंपनीला वाईट दिसू नये म्हणून त्यातले बरेच, इथं आलो की, मीच करायचो. माझ्या घरी."

४

अंगणात खुर्च्या टाकून टीना सेठना आणि अर्जुन कोठारी भांडत होते. भांडण चांगल्या घरातलं होतं, म्हणजे आवाज खाली आणि शब्द धारदार.

"मी तुम्हाला कालपासून सांगतेय," टीनाबाई म्हणत होत्या. "या धंद्यात आकाशात पैसा फेकतात आणि तो खाली येत नाही. ज्याला परवडतं त्याला गरज नाही, ज्याला गरज आहे त्याला परवडत नाही. आणि उद्या साधा मोबाइलच उपग्रहाशी बोलायला लागला, तर हे विटेएवढं यंत्र घेणार कोण?"

"उद्याचं उद्या," अर्जुन कोठारी म्हणाले. त्यांनी कंपनीत आधीच बराच पैसा गुंतवला होता आणि आवाजातली कळकळ त्याच पैशाची होती. "पावसात रस्ता तुटतो, साप चावतो, बाई अडते. एवढ्या डोंगरात माणसं राहतात. यांना बोलायचं नसेल का?"

"बोलायचं असतं तर बोलले असते. वर्षभरात इथून गेलेले फोन बघा. नाममात्र! आणि जांभळाखाली रेंज फुकट आहे."

पुष्पलता खुर्ची ओढून बसली. फोन नाहीसा झाल्यानं या दोघांचाही फायदा होता. टीनाबाईंना नको असलेला सौदा मोडत होता. कोठारींना तर आणखी मुदत मिळत होती, कारण यंत्रच नाही म्हटल्यावर निकाल कशावर देणार?

"तुमच्या पायाला फोड आला तेव्हा तुम्ही एकट्याच इथं आलात?" तिनं टीनाबाईंना विचारलं.

"हो. व्हरांड्यात बसले, चप्पल काढून. खोलीत गेले नाही. तेव्हा इथं कुणीच नव्हतं."

"राखणदार?"

"तोही नव्हता. मला पाणी हवं होतं, मी हाका मारल्या. नंतर त्याच्या बायकोनं आणून दिलं."

पुष्पलतानं मान हलवली आणि वेगळंच विचारलं. "इथून गेलेले फोन तुम्ही मोजलेत. इथं आलेले?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वादात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. "आलेल्यांचं काय करायचंय?" अर्जुन कोठारी म्हणाले. "ते कधी मागवलेच नाहीत आम्ही."

येसू वाघ व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. वाळलेला, ताठ म्हातारा. डोक्याला मुंडासं, खांद्यावर टॉवेल, टॉवेलावर पांढुरका चुरा. चुन्याचा असावा, असं पुष्पलताला वाटून गेलं. त्याची बायको धोंडीबाई चुलीवर चहा ठेवून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"येसूबाबा, सकाळी तुम्ही कुठे होता?"

"इथंच. जागा सोडली नाय."

"वर्षभर फोन सांभाळलात. कधी लावलात कुणाला?"

"मी कशाला लावू? मला कोण हाय?" येसू फणकारला.

"असं नाय बोलू," धोंडीबाई हळूच म्हणाली. मग पुष्पलताकडे वळली. "होळीला समदी आली बाय, भट्टीवरची. पाड्यात उभं राहायला जागा नव्हती. आमचीच गंगी नाय आली."

"कोण गंगी? मला पोरगी नाय!" येसू ओरडला. धोंडीबाईनं पदर तोंडाशी धरला आणि चुलीकडे निघून गेली.

तेवढ्यात वरून, खिंडीकडून हाळी आली. डोंगरावर आपटून ती लांबत गेली. पहिला शब्द नीट कळेना, नुसताच स्वर येत होता.

पुष्पलता खुर्चीतून अर्धवट उठली. हर्षदा! दुसऱ्यांदा हाळी आली तेव्हा नाव स्पष्ट ऐकू आलं. "फागीऽऽ! तुझा फोऽऽन!" शेजारच्या झोपडीतून एक बाई बाहेर पडली आणि लुगडं सावरत चढ चढू लागली.

पुष्पलता पुन्हा खाली बसली. आपल्याला असं उठताना कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिनं आजूबाजूला नजर टाकली. आणि ती नजर पायरीवर थांबली.

येसूसुद्धा अर्धवट उठला होता. एक हात गुडघ्यावर, मान खिंडीकडे. आणि आता, ज्याला कुणीच नाही असा तो म्हातारा, हळूहळू पुन्हा खाली बसत होता.

५

काही वेळा माणसाला दुसऱ्याचं मन वाचता येतं ते हुशारीनं नव्हे, तर आपलंही तेच दुखत असतं म्हणून. पुष्पलतानं चहा संपवला, कप पालथा ठेवला आणि सगळ्यांना घेऊन ती खिंडीत चढली. टीनाबाईंना तेवढं जीपमधून आणवलं. येसू सगळ्यात मागे होता.

जांभळाखाली बसलेली मंडळी फौजदारीण बघून उभी राहिली.

"कुणी घाबरू नका," पुष्पलता म्हणाली. "फक्त एवढंच करा. ज्यानं त्यानं आपापली पिशवी काढून हातात घ्या."

पाडा शहाणा होता. कुणी का म्हणून विचारलं नाही. एकेक पिशवी फांदीवरून उतरली. पुष्पलतानं आपली निळी पिशवी काढली, मोबाइल बघितला. कुणाचा फोन येऊन गेला नव्हता. तिनं तो पुन्हा पिशवीत घातला.

सगळ्या फांद्या मोकळ्या झाल्या. एक सोडून. बुंध्याशी, पानांच्या अगदी दाट घोसात, खताच्या गोणीची शिवलेली एक पिशवी लोंबत होती. तिच्याकडे कुणीच गेलं नाही.

"कुणाची?"

पुष्पलतानं पिशवी उतरवली. जड लागली. आतून काळं, जाड अँटेना असलेलं यंत्र बाहेर आलं. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अरे देवा," करण म्हणाला. "सकाळी मी याच झाडाखाली उभा राहून ऑफिसला फोन केला होता!"

"म्हणूनच सापडला नाही. इथं दुसऱ्याच्या पिशवीला कुणी हात लावत नाही." ती करण, टीनाबाई आणि कोठारी या तिघांकडे वळली. "तुम्ही तिघं यातून सुटलात. फोन दडवायचा असता तर तुम्ही तो बंद केला असता. वापरायचा असता तर उघड्यावर नेला असता. चालू फोन दाट पानांखाली ठेवायचा, हे दोन्हींत बसत नाही. ते अशाच माणसाला सुचेल, ज्याला कुणी आभाळाचं सांगितलंच नाही. ज्याला जन्मभर एवढंच ठाऊक आहे की खाली फोन वाजेनासा झाला की तो जांभळाला आणून लटकवायचा. आणि चार्जर नेला नाही, कारण त्याला फोन नको होता. आजचा दिवस हवा होता."

"पण कोण तो?" अर्जुन कोठारींनी विचारलं.

"खाली चला. मी पाठोपाठ येते. येसूबाबा, तुम्ही थांबा जरा, मला उतारावर हात द्यायला."

पुष्पलतासकट सगळ्यांच्या पिशव्या पुन्हा फांद्यांना लागल्या, माणसं पांगली. झाडाखाली दोघंच उरली. पुष्पलतानं आपल्या खाकी बाहीवरचे पांढुरके तंतू बोटानं उचलले आणि येसूच्या टॉवेलावरच्या चुऱ्याशेजारी धरले. दोन्ही सारखेच होते.

"जागा सोडली नाही म्हणालात बाबा. समाजमंदिराच्या आसपास जांभूळ कुठे आहे?"

येसूनं टॉवेल झटकला नाही. तो बुंध्याशी खाली बसला.

"मागल्या महिन्यात वाजला," तो म्हणाला. "भट्टीवरच्या, साखरशेत गावच्या कुणीतरी नंबर दिला असंल तिला. मी उचलला. 'बाबा, मी गंगी.' मी ठेवला, बाय. ठेवता ठेवता ऐकलं, 'होळी झाल्यावर पयल्या खर्चीला पुन्यांदा करीन.' धोंडीला सांगितलं राँग नंबर. पोरगी माझ्या मर्जीबाहेर भट्टीवरच्या पोरासंगं गेली, तवा भर पाड्यात बोललो, मला पोरगी नाय. होळी पेटली, समद्यांची पोरं नाचली, आन मी राख व्हईपर्यंत बसून होतो. तवापास्नं झोप नाय मला."

"मग कालच करणला सांगायचं, छत्री उतरवू नको म्हणून."

"काय सांगू? कुणासाठी म्हणून सांगू?" येसूचा ताठा सगळा गेला होता. "मागायला तोंड लागतं बाय. मी माझं तोंड तवाच बंद करून घेतलं. आज नाय लागला तर ती परत करायची नाय. माझीच हाय ती, मला ठावं हाय. सकाळपास्नं कान लावून बसलो, कुणी पुकारत नाय."

पुष्पलतानं डोळे पुसले, उघडपणे. "बाबा, ती कदाचित सकाळपासून लावत असेल. या पानांमुळे लागत नसेल."

येसूनं वर पाहिलं. वर्षानुवर्षं ज्या झाडानं पाड्याला सगळ्यांचे आवाज आणून दिले, त्याच झाडानं त्याच्या लेकीचा आवाज अडवला होता.

खालून करणची हाक आली. "मॅडम, फोन घेऊन या! निघायचंय आम्हाला. अंधार पडायच्या आत जव्हार गाठायचंय."

६

सरकारी कामातल्या उशिराला लोक नावं ठेवतात. त्या दुपारी वाघदरीपाड्यावर त्या उशिरानं जन्मात एकदा पुण्य केलं.

"फोन झाडाला लटकलेला मिळाला," पुष्पलतानं अंगणात जाहीर केलं. "बेवारस. कुणी नेला, का नेला, त्याचं कंपनीला काही नुकसान झालंय का?"

"नाही, पण..." करण म्हणाला.

"तक्रार द्यायचीय?"

करणला स्वतःच्या घरी केलेले फोन आठवले असावेत. तो नाही म्हणाला.

"छान. मग फक्त पंचनामा. परवान्याचं यंत्र आहे, तसंच कसं देणार? पंच म्हणून प्रतिष्ठित माणसं लागतात." तिनं टीनाबाई आणि कोठारींना आदरानं खुर्च्या दिल्या. "फोन चालू स्थितीत मिळाला, तर पंचनामा होईपर्यंत तो चालूच राहणार. उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर."

अंगणाच्या मधोमध स्टूल आलं, स्टुलावर फोन. वर फाल्गुनातलं निरभ्र आभाळ. पुष्पलतानं कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहायला सुरुवात केली. एरवी ती झपाझप लिहायची. ठाण्यात त्याचं कौतुक होतं. आज तिनं आधी चतुःसीमा लिहिली. पूर्वेस बोअरिंग, पश्चिमेस धोंडीबाईची चूल. मग पेनाची शाई सुकली. मग चहा झाला. मग जांभळाच्या झाडाचं वर्णन चुकलं म्हणून कागद बदलला.

"अजून किती?" कोठारींनी तिसऱ्यांदा विचारलं.

"आता पिशवीचं वर्णन. शिवण कोणत्या दोऱ्याची आहे तेवढं बघते."

सावल्या लांबल्या. येसू पायरीवर बसून होता, नजर स्टुलावर. धोंडीबाईला काही कळत नव्हतं. ती आपली भाकऱ्या थापत होती. टीनाबाईंनी येसूकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुष्पलताच्या गोगलगाईसारख्या चालणाऱ्या पेनाकडे पाहिलं. आलेले फोन कधी मोजले नाहीत, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या पाय पसरून खुर्चीत मागे रेलल्या.

"अर्जुनभाई, बसा," त्या म्हणाल्या. "धंदा होत नाही असंच अजूनही माझं मत आहे. पण पंचनामा नीट व्हायला पाहिजे. यंत्राचा रंग लिहिलात का, मॅडम?"

"राहिलाच की!" पुष्पलता म्हणाली आणि नवी ओळ सुरू केली.

सूर्य डोंगराआड टेकला तरी फोन गप्प होता. येसूनं मान खाली घातली. पुष्पलताकडे लिहायला आता खरोखरच काही उरलं नव्हतं. तिनं पेनाचं टोपण लावलं. करणनं पिवळी पेटी उघडून स्टुलाशी आणली.

आणि फोन वाजला.

सवयीनं करणचा हात पुढे गेला.

"हात लावू नका!" पुष्पलता कडाडली. "इथला कायदा आहे. नाव पुकारायचं."

ती उठून उभी राहिली आणि तोंडाशी दोन्ही हात धरून, खिंडीतल्या बायका पुकारतात तशी तिनं हाळी दिली. "येसू वाघऽऽ! तुमचा फोऽऽन!"

चुलीपाशी धोंडीबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "आमचा?" ती म्हणाली. "आमचा कुठला?"

येसू उठला. पायरीपासून स्टूल थोड्याच पावलांवर, पण त्याला तेवढंही फार लांब पडलं. त्यानं फोन उचलला. मग एकदम घाबरून त्यानं मान वर केली, सगळं आभाळ नजरेनं चाचपलं.

"बाय, वर आता काय आड नाय ना?"

"काही नाही, बाबा. बोला."

त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून काहीतरी आलं असावं, कारण त्याचे ओठ नुसतेच हलले. मग आवाज फुटला तो साऱ्या पाड्याला ऐकू जाईल एवढा. "गंगे! ठेवू नको! मीच हाय. ठेवू नको, पोरी. तुझी आय हाय इथं, तुझी आय."

धोंडीबाई पिठाच्या हातांनीच धावली. एका फोनला दोघांनी दोन्हीकडून कान लावले, आणि कोण काय बोलतंय, कोण रडतंय, ते कुणालाच कळेना. टीनाबाई तिकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "करण," त्या म्हणाल्या, "आलेल्या फोनांचा आकडा मला पाठव. वर्षभराचा."

पुष्पलतानं पंचनामा घडी करून खिशात घातला. त्यावर दोन्ही पंचांच्या सह्या व्हायच्या राहिल्या होत्या, पण घाई नव्हती. ती एकटीच चढाला लागली. आज सकाळपासून तिनंही कान लावूनच दिवस काढला होता आणि तिचं नाव कुणी पुकारलं नव्हतं. जांभळाखाली पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. तिनं निळ्या पिशवीतून मोबाइल काढला आणि हर्षदाचा नंबर लावला.